अठरावा खंड, साडेतीन तारे

मुदत उद्या सकाळची. शब्द चारशेच हवेत.
नॉटिंगहॅमजवळच्या या बीस्टनमध्ये साडेचारलाच काळोख,
रेडिएटर कण्हतोय, आणि मी अठराव्या खंडात
दोनशे बाराव्या पानावर अडकून पडलोय.

लिहितो: कथानक वेगवान. तोफांची वर्णनं जरा जास्त.
ड्रॅगनला यंत्राचं काळीज, ही कल्पना जुनीच,
पण त्याला गंज चढतो, ते झकास.
लिहितो: ज्यांनी हा खेळ कधी खेळला नाही
त्यांनाही कळेल.

खोडतो.

कारण पुस्तकात राखेचा पूल पडतो.
दोन ओळींत. पुलावरच्या भालाईताला
मरताना नावसुद्धा नाही.

आमच्याकडे तो पडला नव्हता.
मेथडिस्ट चर्चच्या मागच्या खोलीत, मंगळवारी,
नेविलनं त्या बोटभर भालाईताचं
बर्नार्ड असं नाव ठेवलं होतं,
भिंगातून बघत त्याच्या बुटांना चिखल रंगवला होता.
एकट्या बर्नार्डनं लागोपाठ तीनदा
सहाचं दान पाडून पूल राखला.
केमोनंतर नेविल पहिल्यांदाच आलेला. हात थरथरत होता.
तिसऱ्यांदा फासा टेबलाखाली गेला;
मी वाकून पाहिला,
आणि सहाच म्हणालो.

लेखकाला हे कुठून ठाऊक असणार?
त्याच्यापाशी फासे नव्हते, नुसती गोष्ट होती.

तेव्हा साडेतीन तारे.
चार द्यायचे होते, अर्धा पुलापायी कापला.
कारण लिहिलेलं नाही. संपादकानं विचारलंच तर
सांगेन: पान दोनशे बारा,
छपाईची चूक.