कठडा काढल्यावर

पहिल्यांदा कठड्यावरून पडली
तेव्हा नुसता धप्प आवाज आला, रडणं आलंच नाही.
मी कणकेच्या हातांनी धावले
तर मितू फरशीवर बसलेली,
आपण कुठून आलो ते मान वर करून बघत.

दुसऱ्यांदा तिनं आधी उशी खाली टाकली.
तिसऱ्यांदा उशी, गोधडी, कापडी हत्ती,
आणि मग आपण.
"पोट्टी ठेकेदार होते पाय," प्रफुल म्हणाला.
मी म्हटलं, हसून नको राहू, पाना आण.

मे महिना. नरेंद्रनगरात रात्री नऊलाही
भिंत हात लावू देत नव्हती.
कूलरनं संध्याकाळपासून तीन बादल्या रिचवल्या,
तरी वाळ्याचा वास तेवढा गार, वारा नाही.
प्रफुल उकिडवा बसून बोल्ट काढू लागला.
एकूण आठ. दर बोल्टला मितूचं
"काऊन?"
तू मोठी झाली ना बापा.
"काऊन?"
याला त्याच्याकडे उत्तर नव्हतं.
त्यानं बोल्टावरची धूळ फुंकली
आणि श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात टाकला.

वरच्या दांडीवर तिच्या पहिल्या चार दातांच्या खुणा,
पांढरा रंग कुरतडून खाली कच्चं लाकूड.
वानाडोंगरीच्या नणंदेला सातवा लागलाय,
तिच्याकडे जाणार हे सगळं.
रंग मारून देऊ, प्रफुल म्हणाला.
मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

लकडगंजातून आणलेला बुटका दिवाण,
त्याच्यावर मितू, मितूवर पंखा.
पहिला अर्धा तास चिडीचूप.
ओलांडायला काहीच नव्हतं
म्हणून तिला बहुतेक सुचेना.
मग दाराच्या फटीतून मी पाहिलं,
ती उठली, कडेला आली,
नसलेल्या दांडीवरून
पाय चांगला कमरेइतका उंच उचलला,
पलीकडे टाकला,
दुसराही तसाच.
आणि सुटली.

पाणी पाहिजे. सू आली. सू नाही आली.
हत्तीला सू आली.
बाबा कुठंय? बाबा इथंच आहे.
काऊन?
फ्रिजला टाटा करायचं राहिलं.
एकदा ती सापडली चपलांच्या रॅकमध्ये,
माझी डावी चप्पल कुशीत.
एकदा कूलरसमोर तोंड उघडून,
पात्यात आ आ आ करत
आपलाच आवाज फाटताना ऐकत.
प्रत्येक वेळी उचलून आणली,
आणि खाली ठेवेपर्यंत
तिचे पाय चालूच हवेत.
साडेअकरापर्यंत मी प्रेमानं बोलत होते.
त्यानंतरचं इथे लिहीत नाही.

तीनच्या सुमारास जाग आली
ती आवाजानं नाही.
वीतभर अंतरावर एक चेहरा.
उशाशी उभी होती, हत्तीचा कान धरून,
केव्हापासून कोण जाणे.
मी डोळे मिटलेलेच ठेवले.
मग माझ्या नाकाखाली
एक बोट आलं,
छोटं, बिस्किटाच्या वासाचं,
आणि तिथंच थांबलं.

अडीच वर्षं दर रात्री
कठड्यातून हात घालून
मी हेच करत होते.
लाइट न लावता, पायातले पैंजण मुठीत धरून.
मला वाटायचं, ती झोपलेली असते.

मी मुद्दाम एक मोठा श्वास सोडला.
बोटाला पुरेल एवढा.
ती "हं" म्हणाली,
दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईसारखं,
आणि वळली.
अंधारात फरशीवर तळव्यांची चटचट,
मग क्षणभर काही नाही,
तेव्हा पाय उंच उचलला असणार.
मग दिवाण करकरला.

कूलरची टाकी कोरडी पडली होती,
पंप नुसताच घरघरत होता.
उठून एक बादली ओतायला हवी होती.
उठले नाही.
मी झोपलेली होते ना.