चोवीस किलो

खारीचं वजन चोवीस किलो.
त्यातले साधारण सोळा ती माझ्या मांड्यांवर ठेवते,
बाकीचे फरशीला देते.
वरच्या मजल्यावर ड्रिल सुरू झालं की
मी भिंतीत जायला लागतो,
दातांपासून सुरुवात होते.
तेव्हा ती येते, हाक न मारता,
आणि मला परत खुर्चीत ठेवते.

रंग बेकरीतल्या खारीसारखा, म्हणून खारी.
आई म्हणाली होती, हेरंब, अरे जरा चांगलं नाव ठेव.
मला चांगलंच वाटलं होतं.
खारीचे पदर मोजता येतात.

पार्ल्याच्या बँकेत टोकनचं यंत्र ओरडतं.
मी अंगठ्याची साल काढतो.
तिचं ओलं नाक मध्ये येतं.
एवढंच.
"असं करू नये" हे वाक्य मी बत्तीस वर्षं ऐकलं,
नाकानं कुणी सांगितलं नव्हतं.

लोक विचारतात, दिसत नाही का तुम्हाला?
मी म्हणतो, दिसतं.
मग ते थांबतात, मीही थांबतो.
उत्तर संपलेलं असतं.

लिफ्टपाशी कारखानीसकाकांनी कागद चिकटवला :
"कुत्र्यांनी जीन्याने जावे."
जिन्यातला जि ऱ्हस्व, मी सांगितलं.
खारीला वाचता येत नाही, तेही सांगितलं.
आता ते आमच्याकडे न बघता
तिसऱ्याचं बटण दाबतात.
ते राहतात पाचव्यावर.

मार्चमध्ये परळला, जनावरांच्या दवाखान्यात,
स्टीलचं टेबल. तिची नखं घसरत होती.
फिनेलचा वास, पिंजऱ्यात कुणाचं तरी मांजर रडत होतं,
आणि खारीचे डोळे तसे झाले
जसे माझे होत असतील.
(तेव्हा मी कधी आरशात बघितलेलं नाही.)
डॉक्टर म्हणाले, कुणीतरी धरा हिला.
आई पुढे झाली. मी धरत नाही कुणाला,
हे तिला माहीत आहे.

मी छाती टेकवली खारीच्या पाठीवर.
माझे एकाहत्तर. त्यातले अंदाजे सोळा तिला,
जास्त नाही,
बाकीचे फरशीला.
सतरापर्यंत मोजलं. सुई आली, गेली.
तिची थरथर माझ्या बरगड्यांत शिरली
आणि तिथे मावली.

टॅक्सीत आई बराच वेळ बाहेर बघत होती.
माहीमच्या सिग्नलला म्हणाली,
तुला कुणी शिकवलं रे हे?
मी खाली बोट दाखवलं.
ती झोपली होती, तोंड उघडं,
हनुवटी माझ्या बुटावर.
दीड किलो असेल.