चार इसा न् धा

मादाम वागळे बोर्डावर नव्वद लिहितात
आणि म्हणतात, म्हणा: कात्र-व्हँ-दीस.
चार वेळा वीस, वर दहा.
अख्खी बारावी कण्हते.
हेत्वी म्हणते, एवढ्या मोठ्या देशाला
नव्वदसाठी एक शब्द सुचू नये?
झीनिया बोटं मोजते, बोटं संपतात.

मी कण्हत नाही.
आमच्या दांड्यात आई अशीच मोजते.
टोपलीत नव्वद बोंबील पडले
तरी तिच्या तोंडून नव्वद कधी पडलं नाही.
चार इसा न् धा.
दुसरीत बाईंनी ते माझ्या जिभेवरून पुसलं होतं,
छडी न उगारता, नुसतं हसून.
आता तेच परत मिळालंय,
परदेशातून, वर फी भरून.

(मादाम स्वतः पाँडिचेरीच्या पुढे गेलेल्या नाहीत.
तिथल्या एका भिंतीचा पिवळा रंग
अजून सांगतात, दर सत्रात एकदा,
आणि मग खडू नसतानाही हात झटकतात.)

सहामाहीला निबंध होता: माझी आई.
मी लिहिलं, ती पहाटे तीनला उठते,
भाऊच्या धक्क्यावरून माल आणते,
खारच्या बाजारात बसते
आणि विष विकते.

एक एस कमी पडला.
प्वासाँ म्हणजे मासा, प्वाझाँ म्हणजे विष,
मध्ये घशात अडकावा एवढाच काटा.
मादामनी लाल शाईने गोल केला,
बाजूला काही लिहिलं नाही.
मीच उठून वर्गात मोठ्याने वाचलं.
म्हटलं, हसायचं ते एकदाच हसून घ्या.

घरी सांगितलं तेव्हा आई बर्फ फोडत होती.
"बराबर लिवलंस गो," म्हणाली,
"दुपारचे दोन वाजल्यावर इकलं
त इषच त्ये."

धडा सातवा. मार्सेयचा मासळीबाजार.
गिऱ्हाईक येतं, आधी थांबतं,
मग म्हणतं: नमस्कार, मादाम,
आज आपल्याकडे ताजं काय आहे?

आपल्याकडे.
मी वहीत तू आणि व्हूचा तक्ता काढलाय:
मैत्रिणीला तू, कुत्र्याला तू, देवालाही आता तू चालतं,
अनोळखी माणसाला व्हू,
टपालवाल्याला, डॉक्टरला,
आणि हो, मासळीवालीला.
पान तीनदा उलटून पाहिलं,
छापायला चुकलं असेल म्हणून.

खारच्या बाजारात गाडीची काच अर्धी खाली येते.
ए बाई, कशी दिली?
आतल्या माणसाचं वय
माझ्याएवढंच असतं कधीकधी.
आई भाव सांगते. काच वर जाते.
व्याकरणाचा प्रश्न तिथे कुणाला पडत नाही,
मलाही नव्हता पडला, गेल्या जूनपर्यंत.

गुरुवारी तोंडी परीक्षा आहे.
संध्याकाळी वलांडीपाशी आई कोयता घासत बसलेली,
म्हटलं, तू नुसती बस, काही बोलू नकोस,
मी गिऱ्हाईक होते.
घसा साफ केला. ताठ उभी राहिले.
बोंजूर, मादाम.

तिने कोयता खाली ठेवला
आणि मागे वळून पाहिलं,
कोण आलंय ते.

कोणी नव्हतं.
ओळीने वाळत घातलेले बोंबील होते, उघड्या तोंडाचे,
आणि इकडे मी,
पुन्हा एकदा, जरा सावकाश:
बोंजूर, मादाम.