सुकी बावडी

रात्री साडेदहाला मोतीझीलहून फोन येतो, पंप बंद केले.
मग मी माझे बुटके उघडतो.

सात जण, एक गाडा, दोन बैल, एक कुऱ्हाड
आणि समोर डोंगराची कोरी कूस.
निशिगंधाने लावून दिला हा खेळ, नोकरीवर जाताना.
म्हणाली, बाबा, तुम्हाला आवडेल,
यात जिंकता येत नाही.

पहिल्या चार वसाहती मी पाण्यात घालवल्या.
एकोणतीस वर्षं लष्करला पाणी सोडणारा माणूस,
दौलतगंजात कुठला व्हॉल्व उलटा फिरतो
ते झोपेत सांगेन,
आणि नदीला चर जोडताना दाब विसरलो.
पाणी जिन्याने वर आलं,
पाहुण्यासारखं, एकेक पायरी.
जेवणघर. दारूचे पिंप. निजलेली पोरं.
फोनवर निशिगंधा खूप हसली, मग म्हणाली,
हे ऑफिसात नका सांगू.

पाचवीचं नाव ठेवलं सुकी बावडी.

या खेळात प्रत्येकाच्या मनात शिरता येतं.
नावावर बोट ठेवलं की ओळी उमटतात:
पावसात भिजला, चिडला.
भिंतीवरचं कोरीवकाम पाहून बरं वाटलं.
मित्राचं प्रेत उचललं, आता काही वाटत नाही.
टेबलाशिवाय जेवला. मनाला लागलं.
मी ताटली मांडीवरून खाली ठेवतो
आणि त्याच्यासाठी टेबल करायला सांगतो.

आमच्या तक्रारवहीत रकाने चार:
वॉर्ड, तारीख, तक्रार, सही.
पाणी गढूळ.
पाणी नाही.
पाणी आलं पण आम्ही मुरैन्याला लग्नाला गेलो होतो.

बुटक्यांना मी आमच्याच लोकांची नावं दिली आहेत.
रामदयाल कुशवाह दूध काढतो,
शितोळेबाई दारावर भाला घेऊन उभ्या,
आणि स्टोअरकीपर खासगीवाले दगड फोडतात.
तर हे खासगीवाले परवा एका कारखान्यात शिरले,
दार लावून घेतलं, अन्न सोडलं.
खेळात असं होतं. कुणाला तरी काहीतरी करायचंच असतं,
आणि ते काय, हे तो सांगत नाही,
फक्त चित्रं काढतो, काय काय आणून द्या याची.
दगड काढला. दिला.
हाडं काढली. दिली.
मग शिंपले.

या डोंगरात शिंपला कुठला?
मी चार जण नदीवर बसवले, गळ टाकून.
खाण थांबली, पेरणी थांबली,
एकाला मगरीने नेलं, त्याचं नाव मी वाचलं नाही.

खरे खासगीवाले अर्धांगानंतर चार महिने होते.
वाचा गेली होती.
आम्ही गजकचा डबा घेऊन गेलो की
उजव्या हाताने हवेत गोल काढायचे.
बांगडी? वॉशर? घड्याळ?
त्यांच्या मुलाने अक्षरशः घरातली प्रत्येक गोल वस्तू आणून दाखवली,
पोळपाटसुद्धा.
ते मान हलवायचे
आणि पुन्हा, सावकाश, गोल.

शिंपला मिळाला अकराव्या दिवशी. एक.
खासगीवाल्यांनी तो घेतला, आतून ठकठक ऐकू आली,
आणि पहाटे दोनच्या सुमाराला दार उघडलं.

बादली.
दगडाची, कडेला हाड, मुठीला शिंपला.
किंमत सबंध गावापेक्षा जास्त.
तिच्यावर एक चित्र कोरलं आहे,
खेळ सांगतो: चित्र बादलीचं आहे.
मी हसलो, एकटाच, मोठ्याने.
मग ती वरून पाहिली.
या खेळात सगळं वरूनच दिसतं.
वरून पाहिली की बादली
नुसती
गोल.

साडेचारला निघालो. किल्ला अजून काळा,
त्याच्या पायथ्याला एकेक दिवा.
नव्या सडकेच्या वळणावर कुणीतरी ओरडलं,
बाबूजी, आज आएगा ना?
मी खाली बसून व्हॉल्व फिरवला, साडेसात फेरे.

पाण्याच्या आधी हवा येते.
आतल्या गल्ल्यांत नळ खाकरू लागले,
आणि घराघरातल्या रिकाम्या बादल्या
ते ऐकत राहिल्या.