पीळ

वरणगावच्या माळावर ऊन अजून कोवळं होतं.
उखर्डू फेगडेंनी सळईच्या टोकाला चिंधी घट्ट गुंडाळली,
खडूची खूण केली
आणि रायफलच्या नळीत हळूहळू लोटली.

सळई आपसूक वळत गेली.
खूण फिरून वर आली तेव्हा
खिशातून शिंप्याची टेप काढून म्हणाले,
"बारा इंचांत एक वेढा. सैल पीळ आहे, पोरी."

मी ऐंशी ग्रेनच्या गोळ्या आणल्या होत्या.
लांब, देखण्या, महाग.
जड गोळी वाऱ्याला भीक घालत नाही, एवढंच ऐकलेलं.
शंभर मीटरवरून कागद काढून आणला:
तीनच भोकं, तीही आडवी,
कुलपाच्या भोकासारखी.
उरलेल्या दोन कुठे गेल्या, त्या तापीला ठाऊक.

फेगडे हसले नाहीत.
अडतीस वर्षं भिंगाखाली असलीच भोकं मोजलेला माणूस.
"लांब अंगाला फिरकी जास्त लागते.
नळी काय तुझ्यासाठी बदलायची नाही.
पंचावन्नची घाल."

घातली. पाच भोकं
एका रुपयाखाली झाकली गेली.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात.
मी तसं म्हटलं, तर ते नळीतून आभाळ बघत होते.
"इथं उलटं. लोखंड राहतं,
पीळ झिजतो."

ऐंशीचा डबा मी त्यांनाच देऊ केला.
त्यांनी तो माझ्या पिशवीत परत ठेवला,
केळीच्या फण्यांवर, अलगद.
"राहू दे. कोणाची तरी
आठाची नळी असंल."