अक्षराला बारा रुपये

पाटी पुन्हा रंगवायची म्हणून मीटिंग भरली.
दांडिया बाजार, ट्रस्टचं प्रसूतिगृह, वरचा मजला.
कपाटावर दोन रबरी बाहुल्या
आणि लोकरीचा विणलेला स्तन,
ज्यावर एकवीस वर्षं मी शिकवतेय :
असा धरायचा. असा नाही.

जुनी पाटी – ‘मातांसाठी स्तनपान मार्गदर्शन’.
‘मातां’वरचा रंग आधी उडाला
तो भिंतीला ओल आली म्हणून.
त्यात कुणाचा हात नव्हता.

मीटिंगला कारण ओजस पागे.
मार्चमध्ये आला, अकरा दिवसांचं बाळ दुपट्यात,
ओठावर कोवळी मिशी, शर्ट पुढून ओला.
पाटी वाचली आणि जिना उतरायला लागला.
मी वरून ओरडले, ‘अहो –’
पुढचा शब्द सापडेना.
बरं झालं. ‘अहो’ कुणालाही पुरतं.
खुर्चीत बसल्यावर म्हणाला, ‘छाती म्हणा. बाकी चालेल.’
बाकी बरंच होतं. उजवीकडे गाठ, ताप, तीन रात्रींची जाग.

विष्णुभाई पेंटर दारात उभा :
‘अक्षराला बारा. काना-मात्रा फुकट.’
‘पालक लिहा,’ निर्मलाताई म्हणाल्या.
पालक म्हटलं की मला जुडीच दिसते,
मुळांना माती, दोरीनं बांधलेली.
डॉक्टर म्हणाले, ‘स्तनदा व्यक्ती.’
हा शब्द तोंडात दिला
तर बाळ थुंकून टाकेल.

मग हेमांगी झोळ्ये उठली.
‘नऊ वर्षं. चार वेळा
याच जिन्यावरून रिकामी उतरले.
आत्ता कुठे मला कुणी आई म्हणेल,
आणि तुम्ही शब्दच खरवडायला बसलात?’

पंखा तेवढा बोलत राहिला.
मी लोकरीची सुटलेली गाठ आवळत बसले.

बाहेर मंगूबेन फरशी पुसत
पेशंटला विचारत होती,
‘धावे छे के?’
पुण्याहून आलेल्या सुना दचकतात.
चार दिवसांचं पोर, धावेल कुठे?
इथं धावणं म्हणजे पिणं.
मंगूबेनला बाळाचीच चौकशी,
पाजतंय कोण
हे तिच्या प्रश्नात मावतच नाही.

मला सुमनआत्या आठवली,
‘अंगावरचं आहे गं अजून,’ म्हणणारी.
दुखणं अंगावर काढतात,
दागिने अंगावर घालतात,
बाळ अंगावर पितं.
अंग. कुणाचं, ते आत्यानं
कधी सांगितलं नाही.

मी म्हटलं, लिहा –
‘अंगावर पाजणाऱ्यांसाठी’.
‘साठी’च्या आधी, अनेकवचनात,
व्याकरण डोळे मिटून घेतं,
बाई की बुवा, बघत नाही.
दहा अक्षरं. एकशेवीस रुपये.

‘आणि यात मी कुठे?’ हेमांगीनं विचारलं.
तू आहेसच की, म्हणणार होते.
नाही म्हटलं.
तसंच ओजसला आम्ही एकवीस वर्षं म्हणत आलो असतो,
तो आला असता तर.

तिनं पर्स उघडली, चोवीस रुपये मोजले.
विष्णुभाईनं कोपऱ्यात ‘आई’ काढली,
लाल, बाकीपेक्षा मोठी,
थोडी तिरपी. निर्मलाताईंना अजून खटकते.

एप्रिलात ओजस आला. पाटीपाशी थांबला.
‘ही कुणाची?’
‘हेमांगीची.’
‘बरं,’ म्हणाला. चप्पल काढली.
त्या ‘बरं’चा अर्थ
मी अजून लावलेला नाही.

खुर्चीत बसला. बाळ रडून जांभळं.
‘दुखतंय,’ म्हणाला.
लोकरीचा स्तन मी बाजूला सारला.
हनुवटी आधी टेकवा.
थांबा. तोंड मोठं उघडू दे.
अजून.
आता.