पंचवीस ते चाळीसच्या मधला वेग

टालिनहून आलेल्या तक्त्यात एक रकाना आहे:
‘प्रदेशाची तग धरण्याची क्षमता, एक ते पाच’.
आमच्या बेटासाठी आकडा मी भरायचाय,
शुक्रवारी चारच्या आत.

बोटी दोन.
एक धावते, दुसरी तिला सुटे भाग पुरवते.
नोव्हेंबरात धावणारीही थांबली.
पहिल्या दिवशी कुणाला काही वाटलं नाही.
दुसऱ्या दिवशी बेकरीतलं यीस्ट संपलं.
तिसऱ्या दिवशी आइताच्या डेअरीत टँकर भरून उभे,
आणि गाईंना वेळापत्रक समजावणं कुणालाच जमेना.
नऊ हजार लिटर तिनं शेतात सोडलं.
शेत संध्याकाळपर्यंत पांढरं, मग आठवडाभर आंबूस.
चौथ्या दिवशी झाकणांच्या कारखान्याची
फिनलंडची ऑर्डर गेली.
बोट पाचव्या दिवशी आली, भोंगा वाजवत.
ऑर्डर काही आली नाही.

पूर्वी आमच्याकडे तिसरी वाट होती.
फेब्रुवारीत समुद्र गोठायचा,
हेल्दुर पहाटे गिरमिट खांद्यावर टाकून निघायचा,
ठरावीक पावलांवर भोक, भोकात पट्टी.
बावीस सेंटिमीटर भरले की वाट खुली,
दोन्ही अंगांना जुनिपरच्या फांद्या रोवलेल्या,
पलीकडच्या धक्क्यापर्यंत.
फळ्यावर नियम:
सीटबेल्ट लावू नका. थांबू नका.
पुढच्या गाडीपासून अडीचशे मीटर.
वेग पंचविसाच्या आत ठेवा, नाहीतर चाळिशीच्या वर.
मधला नको.

मधला का नको, हे बाबांनी टपालाच्या गाडीत सांगितलं,
दार अर्धवट उघडं धरून:
आपल्या वजनानं बर्फ वाकतो.
वाकला की खाली पाण्याची लाट चालू लागते,
दिसत नाही, पण सोबत असते.
हळू गेलास तर ती पुढं निघून जाते,
जोरात गेलास तर मागं पडते.
मधल्या वेगात दोघं एका पावलानं चालता,
लाट फुगत जाते, फुगत जाते.
‘आणि वाकलाच नाही तर?’
‘मग आपण आत्ताच पाण्यात असतो.’

सल्लागारानं विचारलं, वर्षाला किती टन?
मी खरं सांगितलं. अडीच टनांपर्यंतच्याच गाड्या.
दूध नाही, लाकूड नाही, झाकणं नाहीत.
त्यानं लिहिलं: ‘आर्थिक महत्त्व नगण्य’.
त्याचं चुकलं नाही.
विहिणीनं पाठवलेली मधाची बरणी,
व्हाल्वेच्या वॉशिंग मशीनचा पट्टा,
आणि तो शिकाऊ वेल्डर, उर्वे,
जो तिकडच्या मुलीला रविवारी भेटून
रात्रीच्या आत परतता येतं म्हणून
इथंच राहिला, सात वर्षं.
यांचं वजन कशात मोजायचं, मला माहीत नाही.
उर्वे आता तुर्कूला असतो.

तहान लागल्यावर विहीर खणू नये म्हणतात.
आम्ही विहिरीचा आराखडा वेळेत पाठवला:
तिसरी, लहान बोट. धक्क्यावर शीतगृह.
सुट्या भागांचं गोदाम, शेजारच्या बेटाशी भागीत.
उत्तर आलं: तहानेचा पुरावा जोडा.
जोडला. आंब्लेल्या शेताचा फोटोही जोडला.
पुन्हा उत्तर: पुढच्या टप्प्यात विचार करू.

तक्त्यात वेगाचा रकाना नाही.
असता तर मी बिनधास्त लिहिलं असतं: बत्तीस.
सावकाश म्हणावं तर माणसं जातायत,
वेगात म्हणावं तर कागदच हलत नाही,
आणि खाली काहीतरी आमच्या पावलानं चालतंय.

साडेतीनला फोन. हेल्दुर, एकोणऐंशी वर्षांचा.
त्याला कुणी सांगितलेलं नाही, पगारही नाही.
‘आज चार.’
‘सेंटिमीटर?’
‘आणि तेही काठाशी. मधे पाणी. बदकं आहेत.’
मग थांबून: ‘गिरमिटाला धार लावायची होती.’

खर्चाच्या यादीत अजून एक ओळ आहे,
‘हिवाळी मार्ग, देखभाल’.
सूचना अशी, की ती वगळावी.
मी समोर अठरा युरो लिहिले, धारेचे.
मग वर जाऊन क्षमतेपुढं दोन,
आणि शेऱ्याच्या चौकोनात, मावेल तेवढ्या बारीक अक्षरात,
आइताच्या गाईंची संख्या.